पावसाळ्यानंतरची बाग : आवराआवर, छाटणी आणि देखभाल यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गौरी-गणपती पार पडले की बागेविषयीचे प्रश्न येऊ लागतात आणि तुळशीच्या लग्नापर्यंत येतच राहतात. शब्द बदलतात, प्रश्न मात्र साधारण तेच असतात. त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी अशी समजूत दिसते की, दिवाळीआधी घर आवरतो तशी बागही एखाद्या रविवारी आवरून टाकता येईल. कपाटाला ऋतू नसतो, झाडाला असतो. त्यामुळे एकाच दिवशी सगळीकडे कात्री फिरवणाऱ्याच्या बागेत काही झाडे बहरतात आणि काहींचा वर्षभराचा बहर कापलेल्या फांद्यांबरोबर निघून जातो. पुढील उत्तरे प्रामुख्याने महाराष्ट्र आणि गोव्यातील घरगुती बागा, गच्च्या आणि बाल्कन्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

१. पावसाळ्यानंतरची आवराआवर नेमकी केव्हा सुरू करावी?

हवामान विभागाच्या सरासरी तारखांनुसार मान्सून पश्चिम राजस्थानातून १७ सप्टेंबरच्या सुमारास माघारीला निघतो आणि मुंबईतून ८ ऑक्टोबरच्या सुमारास जातो. एखाद्या वर्षी यात आठवड्याचा किंवा त्याहून अधिक फरक पडू शकतो. सप्टेंबरच्या शेवटी हस्त नक्षत्र लागते आणि हत्तीचा पाऊस दुपारनंतर गडगडाटासह कोसळतो, म्हणून त्याआधी आवरलेली बाग पुन्हा आवरावी लागते. झाडलोट, तण काढणे, साचलेले पाणी ओतून देणे ही कामे अनंत चतुर्दशीपासूनच सुरू करावीत. छाटणी, माती बदलणे आणि खत घालणे या कामांसाठी मात्र सलग चार-पाच कोरडे दिवस मिळेपर्यंत थांबावे. दक्षिण कोकणात आणि गोव्यात हे दिवस विदर्भापेक्षा उशिरा मिळतात, तेव्हा नागपूरच्या नातेवाइकांनी गुलाब छाटले म्हणून सावंतवाडीत कात्री काढू नये.

२. कामे कोणत्या क्रमाने करावीत?

आधी पाण्याची वाट मोकळी करावी. गच्चीच्या पन्हळी आणि जाळ्या साफ कराव्यात, प्रत्येक कुंडीच्या तळाचे छिद्र तारेने किंवा काडीने मोकळे करावे. त्यानंतर मेलेली रोपे, कुजलेली पाने आणि तण काढावे, मग वरची माती हलवावी, मग छाटणी करावी आणि खत सर्वांत शेवटी, नवी फूट दिसू लागल्यावर घालावे. अनेकजण नेमका उलटा क्रम धरतात आणि पहिल्याच दिवशी खत घालतात. तुंबलेल्या कुंडीत मुळे आधीच गुदमरलेली असतात. त्यांना खताचा उपयोग तर होत नाहीच, उलट मुळे कुजण्यास हातभार लागतो.

३. कुंडीतील माती घट्ट झाली आहे आणि तिच्यावर हिरवा थर आला आहे. सगळी माती बदलावी का?

दरवर्षी सगळी माती बदलण्याची गरज नसते. हिरवा थर हे शेवाळ आहे; ते रोपाला थेट इजा करत नाही, पण माती सतत ओली राहते आणि तिच्यात हवा खेळत नाही, हे ते दाखवते. वरची दोन बोटे माती खुरप्याने खरवडून काढावी, त्याखालचा थर मुळांना धक्का न लावता भुसभुशीत करावा आणि तेवढीच जागा शेणखत मिसळलेल्या नव्या मातीने भरावी.

संपूर्ण माती बदलण्याची वेळ तीन लक्षणांवरून ओळखावी : पाणी घातल्यावर ते बराच वेळ वर तरंगत राहते, मुळे तळाच्या छिद्रातून बाहेर आली आहेत, किंवा मातीला आंबूस, कुजकट वास येतो. अशा वेळी रोप गोळ्यासह बाहेर काढून कडेची गुंडाळलेली मुळे कापावीत, तळाशी खापरीचे तुकडे ठेवावेत आणि पोयटा माती, चांगले कुजलेले शेणखत व कोकोपीट साधारण समप्रमाणात घेऊन कुंडी भरावी. नर्सरीतून मिळणारी लाल माती एकटी वापरू नये. दोन-तीन पाण्यांनंतर ती विटेसारखी घट्ट बसते. माती बदललेले रोप आठवडाभर सावलीत ठेवावे, कारण या सुमारास ऑक्टोबरचे ऊन सुरू झालेले असते (पाहा प्रश्न १७).

४. पावसाने मातीतील खत वाहून जाते म्हणतात. मग आता दुप्पट खत घालावे का?

वाहून जाते हे खरे आहे. विशेषतः नत्र (नायट्रोजन) पाण्याबरोबर निघून जाते, म्हणून पावसाळ्याअखेर जुनी पाने फिकट पिवळी दिसतात. दुप्पट खत घालावे हा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, कारण कुंडीत थोड्याच मातीत सगळी मुळे असतात आणि जास्त खताने ती करपतात. बारा इंची कुंडीला दोन-तीन ओंजळी शेणखत किंवा गांडूळखत आणि एक मूठ निंबोळी पेंड पुरेशी होते. पुढची मात्रा महिन्याने द्यावी. ओले, वास येणारे शेण कुंडीत घालू नये. कुजताना त्यातून निघणारी उष्णता मुळांना बाधते आणि त्यातूनच हुमणी, म्हणजे मुळे खाणारी अळीही येते (पाहा प्रश्न १२).

५. गुलाबाची छाटणी दसऱ्याला करावी असे ऐकले आहे. ती कशी करावी?

दसरा हा लक्षात ठेवण्यास सोपा दिवस आहे, एवढेच त्याचे महत्त्व. खरा निकष पाऊस थांबण्याचा आहे, कारण छाटणीनंतर कापलेल्या टोकावर पाऊस पडला की तेथून बुरशी शिरते आणि फांदी वरून खाली काळी पडत जाते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात छाटलेल्या गुलाबाला सहा ते सात आठवड्यांनी, म्हणजे डिसेंबरच्या तोंडावर, पहिला मोठा बहर येतो आणि थंडीमुळे ती फुले आकाराने मोठी व रंगाने गडद असतात.

प्रथम वाळलेल्या, रोगट आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या मुळाशी काढाव्यात. मग चार-पाच जोमदार फांद्या ठेवून त्या साधारण दीड ते दोन फुटांवर कापाव्यात. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (नवी फूट जेथून निघते त्या गाठीच्या) अर्धा सेंटीमीटर वर, तिरका आणि धारदार कात्रीने घ्यावा. आतल्या बाजूचा डोळा ठेवला तर नवी फांदी झाडाच्या मध्यात शिरते, तेथे हवा खेळत नाही आणि भुरी, म्हणजे पिठासारखी दिसणारी बुरशी, पडते. कापलेल्या जाड टोकांना बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) व चुन्याचा बुरशीनाशक लेप, लावावी (पाहा प्रश्न १०).

कलमाच्या गाठीखालून, म्हणजे खुंटातून, फुटलेली फांदी ओळखून ती उगमापाशी ओढून काढावी. सात पानांची फांदी जंगली आणि पाच पानांची चांगली, असा जो ठोकताळा सांगितला जातो, त्यावर विसंबू नये. कित्येक चांगल्या जातींना सात पाने असतात. फांदी कोठून निघाली आहे हे माती बाजूला करून पाहणे, हाच खात्रीचा उपाय आहे. वेलगुलाबाला ही कडक छाटणी लागू नाही. त्याच्या लांब फांद्या आडव्या बांधाव्यात आणि केवळ वाळके भाग काढावेत.

६. गुलाबाबरोबरच मोगरा, प्राजक्त, जास्वंद वगैरे सगळे छाटून टाकले तर चालेल का?

चालणार नाही. सर्वाधिक नुकसान याच एका चुकीने होते, म्हणून हे उत्तर थोडे सविस्तर दिले आहे.

मोगऱ्याची छाटणी डिसेंबरअखेर ते जानेवारीत करतात. त्याआधी पाणी कमी करून त्याला विश्रांती दिली जाते आणि नंतर खत-पाणी मिळाल्यावर उन्हाळ्यात फुले धरतात. आता छाटला तर थंडीत नुसती पाने येतात. प्राजक्ताचा सडा याच दिवसांत पडत असतो. त्याला बहर सरल्याखेरीज हात लावू नये. शेवंतीचे शेंडे खुडण्याची वेळ जुलै-ऑगस्टमध्येच संपलेली असते, कारण आता दिवस लहान होऊ लागल्याने तिच्यात कळ्या तयार होत असतात. तिला काठीचा आधार देणे एवढेच काम उरते. शेवंतीवर रात्रभर प्रखर दिवा पडत असेल तर कळ्या लांबतात किंवा येतच नाहीत, तेव्हा सोसायटीच्या दिव्याखालील कुंडी हलवावी.

आंब्याचा मोहोर पक्व फांद्यांच्या शेंड्यांवर येतो. झाड नीटनेटके दिसावे म्हणून ऑक्टोबरमध्ये शेंडे कापणारा माणूस येत्या उन्हाळ्यातील आंबेच कापत असतो. वाळलेली फांदी किंवा बांडगूळ काढण्यास मात्र हरकत नाही.

जास्वंद नव्या फुटीवर फुलते, म्हणून तिची हलकी छाटणी आता करता येते. तरी सगळ्या फांद्या एकदम न कापता एक तृतीयांश कापाव्यात, म्हणजे देवाच्या फुलांचा खंड पडत नाही. बोगनवेलीची पावसाळ्यात मातलेली वाढ मात्र निःसंकोच कापावी आणि नंतर तिला पाण्याची ओढ द्यावी. पाने किंचित मलूल होईपर्यंत थांबून मग पाणी दिले की ती रंगांनी भरून जाते. लाड केलेली बोगनवेल हिरवीच राहते.

७. कुंडीतील लिंबाला फुले येत नाहीत. छाटणी केल्याने येतील का?

छाटणीने नव्हे, पाण्याच्या ताणाने येतील. महाराष्ट्रातील बागायतदार लिंबाचे तीन बहर मानतात : जून-जुलैचा मृग बहार, सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त बहार आणि जानेवारी-फेब्रुवारीचा आंबे बहार. हस्त बहाराची फळे उन्हाळ्यात, म्हणजे लिंबू महाग असते तेव्हा येतात, पण त्यासाठी ताण ऐन पावसाच्या दिवसांत द्यावा लागतो आणि उघड्यावर ते साधत नाही. कुंडी छपराखाली हलवता येत असेल तर हे जमते, हा कुंडीचा एक फायदाच समजावा. नाही जमले तर डिसेंबरमध्ये पाणी तोडून आंबे बहार धरावा.

सध्या फक्त सल, म्हणजे वाळलेल्या काटक्या, आणि खोडातून सरळ वर गेलेले, रसरशीत, मोठ्या काट्यांचे पाणसोट काढावेत. पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखे दिसणारे ठिपके हलताना दिसले तर त्या लिंबावरील फुलपाखराच्या लहान अळ्या आहेत. मोठ्या झाल्या की त्या हिरव्या होतात. रोप लहान असेल तर त्या वेचाव्यात. झाड मोठे असेल तर चार-दोन राहू द्याव्यात, असे आमचे मत आहे; तेवढ्याने झाडाचे काही बिघडत नाही.

८. तुळशीला मंजिऱ्या फार आल्या आहेत. तुळशीच्या लग्नाआधी छाटू की नंतर?

मंजिऱ्या आताच, बी धरण्यापूर्वी, खुडाव्यात. बी धरले की तुळशीची वाढ थांबते आणि खोड लाकडासारखे होते. फांद्यांची मोठी छाटणी मात्र करू नये. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत लग्न लागेल तोवर थंडी सुरू झालेली असते आणि थंडीत तुळस सावकाश फुटते, म्हणून ती विरळ दिसत राहील. द्वादशीला आणि रविवारी तुळस तोडू नये असा ज्या घरांत नियम आहे, त्यांनी हे काम आधीच्या आठवड्यात उरकावे. पिकलेल्या मंजिऱ्या कागदात जपून ठेवल्या तर उन्हाळ्याच्या अखेरीस त्यांतून नवी रोपे होतात.

९. कळलावी, हळद आणि कॅलेडियम पिवळी पडून वाळत आहेत. पाणी वाढवूनही फरक पडला नाही. रोपे मेली का?

मेलेली नाहीत, झोपी जात आहेत, आणि पाणी वाढवल्यानेच ती मरण्याची भीती आहे. ही कंदवर्गीय रोपे पावसाळ्यात वाढतात, अन्न कंदात साठवतात आणि वरचा भाग वाळू देतात. पाने हिरवी असेपर्यंत कापू नयेत; पूर्ण वाळल्यावर ती सहज सुटून येतात. मग कुंडीवर रोपाचे नाव लिहून ती कोरड्या, सावलीच्या जागी ठेवावी, नाहीतर जानेवारीत ती रिकामी समजून कोणीतरी तिच्यात मेथी पेरते आणि कंद उकरले जातात. हळदीची पाने साधारण जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत पूर्ण वाळतात, तेव्हा ती काढावी. कळलावीचा कंद अत्यंत विषारी असतो; तो हळद-आल्याजवळ साठवू नये आणि मुलांच्या हाती लागू देऊ नये.

१०. बोर्डो मिश्रण घरी कसे करावे? ते सगळ्या झाडांना चालते का?

एक लिटर एक टक्का मिश्रणासाठी १० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आणि १० ग्रॅम कळीचा चुना अर्धा लिटर पाण्यात, वेगवेगळ्या प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यांत विरघळवावा. दोन्ही द्रावणे गाळून तिसऱ्या भांड्यात एकाच वेळी ओतून ढवळावीत. त्यात लोखंडी चाकूचे स्वच्छ पाते क्षणभर बुडवून पाहावे. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे, तो थोडा वाढवावा. मिश्रण त्याच दिवशी वापरावे, कारण शिळ्या मिश्रणाचा उपयोग राहत नाही. छाटलेल्या टोकांना व खोडाला लावायची पेस्ट हवी असेल तर १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना एक लिटर पाण्यात घ्यावा.

कोवळ्या फुटीवर, उमललेल्या फुलांवर आणि लवकरच खायच्या पालेभाज्यांवर ते फवारू नये. पानांवर पिठासारखी भुरी असेल तर रोगट पाने काढणे आणि झाड विरळ करणे हे पहिले उपाय आहेत, फवारणी त्यानंतर. हातमोजे आणि तोंडाला रुमाल हवाच.

११. जास्वंदीवर कापसासारखा पांढरा थर आहे आणि मुंग्याही आहेत. औषध मुंग्यांना मारायचे की थराला?

थराला. तो पिठ्या ढेकूण आहे. तो गोड चिकट द्रव सोडतो आणि त्यासाठी मुंग्या येतात. मात्र मुंग्या त्याला शत्रूंपासून सांभाळतात आणि दुसऱ्या फांद्यांवर पसरवतात, म्हणून त्यांची वाटही बंद करावी. जास्त लागण झालेले शेंडे कापून पिशवीत बंद करावेत, उरलेल्या भागावर पाण्याचा जोरदार फवारा मारावा आणि मग एक लिटर पाण्यात ५ मिली निमतेल व थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारावे. आठवड्याच्या अंतराने तीन वेळा फवारणी केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. मेणासारख्या थरामुळे पहिली फवारणी बहुधा वाया जाते.

१२. माती उकरताना जाड, पांढऱ्या, वाकड्या अळ्या सापडल्या. सगळ्या मारून टाकाव्यात का?

त्या कोठे सापडल्या यावर उत्तर अवलंबून आहे. कुंडीत किंवा हिरवळीखाली, जिवंत मुळांपाशी इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली अळी सापडली आणि रोप मलूल असेल, तर ती हुमणी आहे; ती मुळे खाते, म्हणून वेचून नष्ट करावी. खतखड्यात सापडलेल्या अळ्या बहुधा कुजके खाणाऱ्या असतात आणि खत होण्यास मदतच करतात. सपाट जागी सोडल्यावर जी पाठीवर उताणी होऊन सरकते, ती फुलांवर येणाऱ्या भुंग्याची अळी असते. तिला खतात परत सोडावे.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. घराजवळ नारळ असतील तर खतखड्यातील अंगठ्याएवढ्या मोठ्या अळ्या गेंड्या भुंग्याच्या असू शकतात. हा भुंगा नारळाचा कोवळा कोंब पोखरतो आणि नंतर उघडणारी पाने पंख्यासारखी कातरलेली दिसतात. कोकणात व गोव्यात म्हणूनच शेणखताचा खड्डा या दिवसांत उपसून अळ्या वेचतात.

१३. मोठ्या शंखाच्या गोगलगायींनी सगळी रोपे खाल्ली. त्यांच्यावर मीठ टाकत आहोत, पण संपत नाहीत.

या आफ्रिकेतून आलेल्या मोठ्या गोगलगायी आहेत. एका वेळी त्या मातीत शंभराहून अधिक अंडी घालतात, त्यामुळे दिसणाऱ्या मारून भागत नाही. मीठ बागेत टाकू नये. त्याने माती खराब होते. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट पसरून ठेवावे, पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचाव्यात आणि मिठाच्या दाट पाण्याच्या बादलीत टाकाव्यात. उघड्या हाताने त्यांना स्पर्श करू नये, कारण त्यांच्यात माणसाला बाधणारे परजीवी असू शकतात. हिवाळ्याचा कोरडेपणा आला की त्या शंखाचे तोंड बंद करून भिंतीच्या फटीत किंवा दगडांखाली पडून राहतात आणि पुढच्या पावसात बाहेर येतात, तेव्हा ही वेचणी ऑक्टोबरमध्येच करणे शहाणपणाचे. बाजारातील मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कुत्र्यांना विषारी असल्याने पाळीव जनावर असलेल्या घरी वापरू नयेत.

१४. लव्हाळा आणि गाजर गवत कितीही उपटले तरी येते. कायमचा उपाय काय?

दोघांची गोष्ट वेगळी आहे. लव्हाळ्याच्या जमिनीखाली गाठींची माळ असते. वरून उपटले की पान हातात येते आणि गाठी खालीच राहतात. कुदळीने खणून गाठींसह काढणे आणि नवे कोंब दिसताच पुन्हा काढणे, असे दोन-तीन हंगाम करावे लागते. कुंडीत तो शिरला असेल तर माती बदलणेच सोपे. गाजर गवत केवळ बियांपासून येते, म्हणून ते पांढरी फुले येण्यापूर्वी मुळासह उपटले तर लढाई निम्मी जिंकली. पुणे परिसरात १९५० च्या दशकात नोंद झालेले हे तण आज देशभर आहे आणि त्याने अनेकांना त्वचेचा व श्वसनाचा त्रास होतो, तेव्हा हातमोजे घालूनच उपटावे. फुलापूर्वीचे गाजर गवत खतात घालता येते, लव्हाळ्याच्या गाठी कधीही घालू नयेत.

१५. पालापाचोळा खूप जमला आहे. जाळला तर राख बागेला चांगली, असे माळी सांगतात.

राखेत पालाश (पोटॅशियम) असते हे खरे, पण धुरात सेंद्रिय भाग आणि नत्र उडून जाते, शिवाय शेजाऱ्यांच्या छातीत धूर जातो. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी घरमालकाने कचरा उघड्यावर जाळण्यास मनाई केली आणि बागेचा कचरा आपल्याच आवारात वेगळा ठेवण्यास सांगितले.

पानांचे खत करणे सोपे आहे. जुन्या गोणीला किंवा पिंपाला भोके पाडून त्यात पाने दाबून भरावीत, प्रत्येक वीतभर थरावर शेणकाला किंवा आंबट ताक शिंपडावे आणि पिळलेल्या पंचाइतका ओलावा ठेवावा. पंधरा दिवसांनी वरखाली करावे. चुरलेल्या पानांचे खत तीन-चार महिन्यांत होते. फणस आणि आंब्याची जाड पाने जास्त वेळ घेतात, म्हणून ती वेगळी ठेवून झाडांच्या बुंध्याशी आच्छादन म्हणून पसरावीत. तांबेरा, भुरी किंवा करपा पडलेली पाने यात घालू नयेत. घरगुती ढीग बुरशीचे बीज मरण्याइतका तापत नाही. ती पाने कचरागाडीतच द्यावीत.

१६. पाऊस थांबला, आता डासांची काळजी मिटली ना?

उलट आताच ती वाढते. पाऊस वाहता असतो तेव्हा ताटलीतील पाणी बदलत राहते; पाऊस थांबल्यावर ते स्थिर होते आणि डेंगी पसरवणारा डास अंड्यापासून साधारण आठ-दहा दिवसांत उडायला लागतो. आठवड्यातून एक दिवस सर्व ताटल्या, मनी प्लांटच्या बाटल्या आणि पक्ष्यांसाठी ठेवलेली भांडी रिकामी करून ब्रशने घासावीत. नुसते ओतून देणे पुरत नाही, कारण अंडी कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात. कमळाच्या टाकीत गप्पी मासे सोडावेत.

१७. रोज पाणी घालूनही ऑक्टोबरमध्ये रोपे दुपारी माना टाकतात. असे का?

चार महिने वरच्या वर पाणी मिळाल्याने मुळे उथळ राहिलेली असतात आणि अचानक ऊन तापते. दुपारी माना टाकलेले रोप संध्याकाळी सावरत असेल तर पाणी वाढवू नये. बोटाचे एक पेर मातीत घालून पाहावे. कोरडे लागले तरच सकाळी, तळातून निथळेपर्यंत पाणी द्यावे आणि पुन्हा कोरडे होऊ द्यावे. मातीवर दोन इंच पाचोळा अंथरला की फरक चटकन दिसतो. पावसाळ्यात सावलीत ठेवलेली कुंडी एकदम उन्हात आणू नये. संध्याकाळीही रोप सावरत नसेल तर कुंडी उपडी करून मुळे पाहावीत. ती तपकिरी आणि लिबलिबीत असतील तर दोष पाण्याच्या कमतरतेचा नसून अतिरेकाचा आहे.

१८. गच्चीवर शेवाळ आले आहे आणि भिंतीत पिंपळ उगवला आहे. काय करावे?

शेवाळ ताठ ब्रशने कोरडेच खरवडावे आणि मग धुवावे. ब्लिचिंग पावडर वापरायची तर कुंड्या दूर हलवाव्यात आणि ती संडास साफ करण्याच्या आम्लात कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. पिंपळ किंवा उंबराचे रोप भिंत ओली आहे तोवरच मुळासह ओढून काढावे, कारण भिंत वाळली की वरचा भाग तुटतो आणि मूळ आत जाड होत राहते. पिंपळ मारणे मनाला पटत नसेल तर ते रोप कुंडीत लावून नंतर मोकळ्या जागी द्यावे.

गच्चीवरील वजनही याच वेळी तपासावे. फूटभर खोलीच्या ओल्या मातीचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ५०० किलो भरते, तर वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानक ८७५ (भाग २) मध्ये धरलेला वापराचा भार दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो आहे. मोठ्या कुंड्या स्लॅबच्या मध्यावर न ठेवता तुळया आणि खांबांच्या रेषेत ठेवाव्यात. वाफे करण्यापूर्वी संरचना अभियंत्याला विचारावे.

१९. आपल्याच आवारातील मोठ्या झाडाच्या फांद्या तोडण्यासाठी परवानगी लागते का?

शहरी भागात लागते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खासगी आवारातील झाडांनाही लागू आहे. महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. परवानगी मिळाली तरी आधी घरटी पाहावीत. शिंपी आणि मुनिया यांची घरटी पावसाळ्यात आणि त्यानंतरही काही काळ नांदती असतात.

२०. ढीग उपसताना साप निघाला तर?

हात न घालता आधी लांब काठीने ढीग हलवावा, पायांत बूट घालावेत आणि साप दिसल्यास मागे सरून त्याला वाट द्यावी. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर मदत मागता येते. दंश झाल्यास १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे. बांधणे, कापणे, चोखणे यांपैकी काहीही करू नये.

२१. आवरून झालेल्या कुंड्यांत आता काय पेरावे?

मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर, वाटाणा, नवलकोल. कोथिंबिरीचे धणे हलके रगडून दोन भाग करून पेरावेत. पिटुनिया, फ्लॉक्स, डायंथस, अ‍ॅस्टर यांची रोपे तयार होण्यास चार-पाच आठवडे लागतात, तेव्हा पेरणी ऑक्टोबरमध्ये उरकावी किंवा सरळ रोपे आणावीत. दसऱ्याच्या तोरणातील झेंडूची पूर्ण वाळलेली फुले बियांसाठी ठेवता येतात, मात्र संकरित झेंडूच्या बियांपासून तशीच मोठी फुले येतील अशी अपेक्षा धरू नये.

२२. दिवाळीसाठी मातीच्या कुंड्या रंगवाव्यात का?

गेरूने खुशाल रंगवाव्यात. ऑइलपेंट लावल्यास मातीची छिद्रे बुजतात आणि कुंडीचा मुख्य गुण, म्हणजे बाजूंनी ओलावा सोडणे, नाहीसा होतो.

२३. आम्ही अमेरिकेत राहतो. कढीपत्ता आणि तुळस बाहेर किती दिवस ठेवावी?

रात्रीचे तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली उतरण्याआधी ती घरात घ्यावीत. त्याआधी आठवडाभर सावलीत ठेवून पानांच्या खालच्या बाजू धुवाव्यात, नाहीतर लाल कोळी आणि मावा या किडी सोबत घरात येतात. घरात दक्षिणेकडील खिडकी द्यावी आणि पाणी निम्म्यावर आणावे. कढीपत्त्याची पाने हिवाळ्यात गळाली तरी खोड नखाने खरवडल्यावर हिरवे दिसत असेल तर तो जिवंत आहे. प्रश्न १ ते ६ मधील महिने मात्र तुमच्या हवामानाला लागू पडत नाहीत.

२४. सगळे आवरून, छाटून, पेरून झाले आणि पुन्हा पाऊस आला. आता?

ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरमध्ये असा पाऊस बऱ्याच वर्षी येतो. छाटलेल्या गुलाबांच्या टोकांना पुन्हा पेस्ट लावावी, ताटल्या उपड्या कराव्यात, पेरलेल्या कुंड्या दोन दिवस छपराखाली घ्याव्यात आणि वाहून गेलेल्या मेथीच्या जागी पुन्हा मेथी पेरावी. ती तीन-चार दिवसांत उगवते. खत मात्र लगेच पुन्हा घालू नये. आठवडाभर थांबावे, नवी पाने कोणत्या रंगाची येतात ते पाहावे आणि ती फिकट असतील तरच प्रश्न ४ मध्ये दिलेल्या मात्रेची निम्मी मात्रा द्यावी.